विषय: ऑनलाइन चाचण्या लवकर कशा तयार करता येतील? (चोपड्याची शाळा आणि आपला रविवारचा वर्ग)

प्रेषक: रविवारची मराठी शाळा, एडिसन

बठ्ठासले राम राम.

माझी वहिनी चोपडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला शिकवते. प्रत्येक पाठ संपला की ती मुलांसाठी गुगल फॉर्मवर छोटी चाचणी करते. मुलांना ती आवडते, कारण गुण लगेच कळतात. पण दहा प्रश्नांची चाचणी तयार करायला तिची अख्खी संध्याकाळ जाते. प्रश्न टाइप करा, चार पर्याय एकेक करून भरा, बरोबर उत्तरावर खूण करा, गुण टाका, मग पुढचा प्रश्न. शाळेच्या संगणकावर जुन्या प्रश्नपत्रिका ढिगाने आहेत, पण त्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. त्यातला मजकूर फॉर्ममध्ये चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात.

आपल्या रविवारच्या वर्गाची अडचणही हीच आहे. चार स्वयंसेवक शिक्षक दर आठवड्याला तेच काम वेगवेगळं करत बसतात. नुसती ॲपची नावं नकोत. वेळ खरोखर कशाने वाचला ते लिहा. वहिनीला आपल्या या ईमेल यादीत घेतलं आहे, तिच्याशी थेट बोला.

प्रेषक: रेडिंग (मूळ भुसावळ)

ताई, वहिनी, नमस्कार.

आधी अशा गोष्टी सांगतो ज्यांना काही शिकावं लागत नाही. गुगल फॉर्ममध्ये पर्याय एकेक टाइप करू नका. चारही पर्याय चार ओळींत लिहून ठेवा, कॉपी करा आणि पहिल्या पर्यायाच्या चौकटीत चिकटवा. प्रत्येक ओळीचा वेगळा पर्याय आपोआप होतो. मागच्या चाचणीतले प्रश्न हवे असतील तर उजवीकडच्या पट्टीत ‘इम्पोर्ट क्वेश्चन्स’ आहे, त्यातून जुना फॉर्म उघडून हवे तेवढेच प्रश्न उचलता येतात. तयार फॉर्म दुसऱ्या शिक्षकाला द्यायचा असेल तर आधी तो त्यांच्याशी शेअर करा, मग लिंकच्या शेवटी ‘एडिट’ असतं तिथे ‘कॉपी’ लिहून पाठवा. समोरच्याला स्वतःची प्रत मिळते, तुमचा फॉर्म तसाच राहतो.

जुन्या फॉन्टचं कारण असं. श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, त्यांना वरून फक्त मराठी आकार दिलेला असतो. युनिकोडमध्ये अक्षर मराठी म्हणूनच साठवलं जातं, आणि फॉर्मला तेच लागतं. वहिनी, पुन्हा टाइप करू नका. प्रश्नपत्रिकेच्या छापील पानाचा सरळ, उजेडात फोटो काढा, तो गुगल ड्राइव्हवर चढवा आणि ‘ओपन विथ’ मधून गुगल डॉक्समध्ये उघडा. फोटोखाली युनिकोडमधला मजकूर येतो. जोडाक्षरं आणि रफार तेवढे तपासा. नवे प्रश्न असतील तर मोबाइलच्या कीबोर्डवरच्या माइकला मराठीत सांगा, टाइप करण्यापेक्षा ते लवकर होतं.

आता मोठी बचत. प्रश्न फॉर्ममध्ये लिहायचेच नाहीत, गुगल शीटमध्ये लिहायचे. एका ओळीत एक प्रश्न. पहिल्या रकान्यात प्रश्न, दुसऱ्यात नेहमी बरोबर उत्तर, पुढच्या रकान्यांत चुकीचे पर्याय, मग गुण, इयत्ता, पाठ आणि उत्तर चुकलं तर मुलाला दिसणारी सूचना. शीटमध्ये ‘एक्स्टेन्शन्स’ खाली ‘ॲप्स स्क्रिप्ट’ आहे. तिथली छोटी स्क्रिप्ट (म्हणजे आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) एकेक ओळ वाचते, पर्याय पिसते, बरोबर उत्तराची खूण आणि गुण टाकते आणि पूर्ण फॉर्म बनवून लिंक देते. दहा प्रश्नांना मिनिटभरही लागत नाही. मी यादीतल्या सगळ्यांसाठी असं एक शीट आणि स्क्रिप्ट तयार करून ठेवतो. पहिल्यांदा चालवताना गुगल परवानगी मागेल, ती द्यायची. बरोबर उत्तर कायम दुसऱ्या रकान्यात असल्यामुळे उत्तरसूची वेगळी ठेवावी लागत नाही. फक्त पर्यायांत ‘वरीलपैकी सर्व’ लिहू नका, पिसल्यावर ‘वरील’ला अर्थ उरत नाही.

तेच शीट इतर ठिकाणीही चालतं. कहूटमध्ये (खेळासारखी प्रश्नमंजुषा घेण्याचं ॲप) एक्सेलचा ठरलेला नमुना भरून प्रश्न चढवता येतात. तिथे प्रश्नाला १२० आणि पर्यायाला ७५ अक्षरांची मर्यादा आहे, आणि मराठीत काना, मात्रा, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं, म्हणून प्रश्न आखूड ठेवा. शाळेत मूडल (ऑनलाइन वर्ग आणि चाचण्या चालवण्याची प्रणाली) असेल तर ‘एकेन’ नावाच्या साध्या मजकुरातून प्रश्न आत जातात. एका ओळीत प्रश्न, खाली इंग्रजी ए, बी, सी, डी लावलेले पर्याय, शेवटी कॅपिटल अक्षरांत ‘आन्सर’ आणि बरोबर पर्यायाचं अक्षर. फाइल यूटीएफ-८ मध्येच (युनिकोड साठवण्याचा प्रकार) जतन करा, नाहीतर मराठीचे चौकोन होतात.

प्रेषक: वहिनी, चोपडा

भाऊ, फोटोची युक्ती आजच करून पाहिली. भूगोलाचं एक पान जवळजवळ स्वच्छ आलं. शीटची वाट पाहते.

आमच्याकडची परिस्थिती सांगते, म्हणजे सल्ला त्या मापाचा येईल. वर्गात सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरची मुलं बरीच आहेत. घरात फोन एक, तो वडिलांबरोबर शेतात. कापूस वेचणीच्या दिवसांत तर रात्रीच घरी येतो. दोन भावंडं एकाच फोनवरून चाचणी देतात. म्हणून ‘एकदाच उत्तर देता येईल’ ही अट मी लावत नाही. ती लावली की गुगल खात्यातून आत यावं लागतं, आणि मग धाकटीला चाचणी देताच येत नाही. पहिला प्रश्न हजेरी क्रमांकाचा ठेवते, तेवढ्यावर कोणाचं उत्तर ते कळतं.

रिकाम्या जागा भरा हा प्रकार मी फॉर्ममधून काढून टाकला. फॉर्म उत्तर अक्षर अन् अक्षर जुळवून पाहतो. मराठी आकड्यांत १२ लिहिलं आणि इंग्रजी आकड्यांत लिहिलं, तर त्याला ती दोन वेगळी उत्तरं वाटतात. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर भूगोलाचं बरोबर उत्तरही शून्य. एका प्रश्नाला अनेक उत्तरं बरोबर म्हणून देता येतात हे माहीत आहे, पण मूल काय काय लिहील ते सगळं आधी सुचत नाही. ज्या मुलाला गिरणा नदी माहीत आहे त्याला शुद्धलेखनासाठी भूगोलात नापास करणं मला पटत नाही.

आणि रेंज नसेल तर फॉर्म जातच नाही. अशा वेळी काय करता?

प्रेषक: मेलबर्न (मूळ धुळे)

वहिनीबाई, मी धुळ्याला माध्यमिक शाळेत गणित आणि भूगोल शिकवत होतो. सध्या लेकीकडे मेलबर्नला आहे. इथे मला सगळे नानाच म्हणतात.

रेंजच्या प्रश्नाला आधी उत्तर. प्लिकर्स हे ॲप बघा. मुलांकडे फोन लागत नाही. प्रत्येक मुलाला क्रमांकाचं एक छापील कार्ड द्यायचं. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय, मूल आपला पर्याय वर येईल असं कार्ड धरतं. शिक्षकाने एकाच फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिलं ते दिसतं. नेहमीचा संच ४० कार्डांचा, मोठा ६३ चा, आणि कार्डं फुकट छापता येतात. कार्डाचा क्रमांक आणि हजेरी क्रमांक एकच ठेवा. वर चकचकीत लॅमिनेशन करू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला कार्ड वाचता येत नाही.

आता माझं म्हणणं. भाऊंनी सांगितलेली स्क्रिप्ट उत्तम आहे, पण प्रश्न तयार करताना सगळ्यात जास्त वेळ कशात जातो ते पाहा. प्रश्न पटकन सुचतो, बरोबर उत्तर समोरच असतं. अडतं ते चुकीच्या पर्यायांपाशी. तिसरा आणि चौथा पर्याय शोधताना माणूस दमतो आणि काहीतरी भरून टाकतो. म्हणून पहिलं, चौथा पर्याय सोडून द्या. अमेरिकेत मायकेल रॉड्रिग्ज यांनी ८० वर्षांतल्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेऊन २००५ मध्ये हेच मांडलं की तीन पर्याय पुरेसे असतात. अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता चारात एकाऐवजी तिनात एक होते, पण वाचलेल्या वेळात दोन प्रश्न जास्त विचारले की ती भरून निघते.

दुसरं, चुकीचे पर्याय डोक्यातून काढू नका, वह्यांतून काढा. ३०४ वजा १७८ घ्या. उत्तर १२६. वह्या तपासताना तुम्हाला २७४ हे उत्तर नक्की दिसलं असेल. त्या मुलाने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केला. १३६ लिहिणाऱ्याने शतकातून घेतलेल्या दशकांतला एक एककाला दिला, पण दशकातून तो कमी केला नाही. २२६ वाल्याने शतक कमी केलं नाही. आता हेच पर्याय द्या. निकाल आल्यावर वर्गात कोणाला काय पुन्हा शिकवायचं ते तिथेच कळतं. शून्य असलेल्या संख्येतून वजाबाकी हा पाठ मी वर्षानुवर्षं शिकवला, आणि चुका दरवर्षी याच. म्हणजे हे पर्याय एकदा लिहिले की कायमचे.

भूगोलातही तसंच. ‘तापी आणि पूर्णा यांचा संगम कुठे होतो?’ उत्तर चांगदेव. चुकीच्या पर्यायांत मुंबई-पुणे लिहिलंत तर मूल न वाचता उत्तर देईल. मुडावद आणि प्रकाशा लिहा. मुडावदला पांझरा तापीला मिळते, प्रकाशाला गोमाई मिळते. तिन्ही तापीवरचे खरे संगम आहेत. ज्याला उत्तर येतं त्याला येतं, आणि ज्याचं चुकतं त्याला सूचनेच्या रकान्यातून आणखी एक नदी कळते. नकाशा समोर ठेवून असे वीस प्रश्न एका बैठकीत होतात.

म्हणून शीटमध्ये आणखी एक रकाना हवा: या पर्यायामागे मुलाचा कोणता विचार आहे. तो रकाना मुलांना दाखवायचा नाही, पण पुढच्या वर्षी नवीन शिक्षक आला तर त्याच्या हाती प्रश्नांबरोबर तुमचा अनुभवही येतो.

प्रेषक: रेडिंग

नाना, हे तर सूत्रातही बसतं. शीटमध्ये ‘रँडबिटवीन’ या सूत्राने (ते ठरवलेल्या मर्यादेतली कोणतीही संख्या देतं) दोन संख्या घ्यायच्या. एका रकान्यात बरोबर वजाबाकी, पुढच्या रकान्यात अंकागणिक मोठ्यातून लहान, त्यापुढे शतक कमी न केलेली. ओळ खाली ओढली की शंभर प्रश्न, प्रत्येकाचे चुकीचे पर्याय तुमच्या वह्यांतल्यासारखे. मात्र तयार झाल्यावर ‘पेस्ट व्हॅल्यूज ओन्ली’ करा, नाहीतर शीटमध्ये काहीही बदललं की सगळ्या संख्या बदलतात. आणि ज्या ओळींत दोन किंवा तिन्ही पर्याय सारखे येतात त्या गाळा; जिथे शतकातून हातचा घ्यावा लागत नाही तिथे असं होतं.

प्रेषक: टोरांटो (मूळ शहादा)

मंडळी, एआयबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. इथल्या वर्गासाठी मी वापरते आणि वेळ वाचतो, पण एका पद्धतीनेच. ‘खान्देशावर दहा प्रश्न दे’ असं मोकळं सोडलं की हमखास गडबड होते. ‘यांपैकी कोणती नदी तापीला मिळते?’ असा प्रश्न आणि पर्यायांत गिरणा, वाघूर, पांझरा, गोदावरी. तीन उत्तरं बरोबर! परक्या शिक्षकाला ते कळणार नाही, खान्देशातल्या सहावीच्या मुलाला कळेल आणि तो गोंधळेल.

त्यापेक्षा पाठातला परिच्छेद चिकटवायचा आणि सांगायचं की फक्त यातूनच प्रश्न काढ, तीन पर्याय दे, चुकीचा पर्याय का चूक आहे ते लिही, आणि भाऊंच्या शीटच्या रकान्यांप्रमाणे तक्ता कर. तक्ता तसाच शीटमध्ये चिकटतो. मग प्रत्येक ओळ स्वतः सोडवायची, उत्तराचा रकाना झाकून. ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला अडखळायला होतं, तो मी काढून टाकते. मुलांची नावं आणि गुण मात्र तिथे कधीही देऊ नका.

एवढं मनापासून वाटतं की नानांचे प्रश्न यंत्राकडून येणार नाहीत. प्रकाशाचा संगम चुकीच्या पर्यायात घालायचं ज्याला सुचतं, तो त्या नदीकाठी वाढलेला असतो. आपण खान्देशातून आलेले इतके जण या यादीत आहोत. प्रत्येकाने आपल्या तालुक्याचे पाच प्रश्न नानांच्या पद्धतीने लिहिले तरी चोपड्याच्या शाळेला आणि आपल्या मुलांना एकच प्रश्नपेढी मिळेल. नंदुरबारचे मी लिहिते.

प्रेषक: वहिनी, चोपडा

ताई, नाना, भाऊ, शहाद्याची ताई, सगळ्यांचे खूप आभार.

सातवीच्या अपूर्णांकांच्या वह्या आज घरी आणल्या आहेत. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, हे उत्तर पहिल्या चार वह्यांतच दोनदा सापडलं. चुका लिहून शीटमध्ये भरते. शिक्षण परिषदेत आमच्या केंद्रातल्या (जवळच्या शाळांच्या गटातल्या) इतर शाळांच्या शिक्षकांनाही शीट दाखवीन. त्यांच्या वह्यांतल्या चुका मिळाल्या तर पेढी लवकर भरेल.

भाऊ, शीटमध्ये दोन बदल हवेत. प्रश्न कोणत्या तारखेला वापरला त्याचा रकाना टाका, म्हणजे त्याच महिन्यात तोच प्रश्न परत जाणार नाही. आणि स्क्रिप्टने फॉर्म बनवताना हजेरी क्रमांकाचा प्रश्न आपोआप पहिला यावा, त्याला गुण नकोत.

प्लिकर्सची कार्डं तिकडून पाठवायची गरज नाही. इथे चोपड्यात झेरॉक्सच्या दुकानात जाड, साध्या कागदावर होतील. पट ४० च्या आत आहे, त्यामुळे नेहमीचा संच पुरेल.