हळदीची युरोपीय नावं: कुर्कुमा, टर्मरिक आणि मध्येच केशर?

प्रश्न (सांगली):
राजापुरी हळदीची पूड फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वीडनला पाठवायची आहे. लेबलवर कुठलं नाव छापायचं? इंग्रजीत टर्मरिक आणि बाकी सगळीकडे कुर्कुमा, असं का? काही याद्यांत तर हळदीला चक्क केशर म्हटलंय.

उत्तर १ (मिरज):
मूळ अरबी 'कुर्कुम'. हिब्रूतला त्याचा भाऊबंद 'कर्कोम' म्हणजे केशर. केशर आणि हळद, दोन्हींचा रंग पिवळा, त्यामुळे महागाचं नाव स्वस्तावर आलं. मध्ययुगीन लॅटिनमधून कुर्कुमा फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, जर्मनमध्ये पसरलं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली कुर्कुमा लाँगा हे शास्त्रीय नाव दिलं. केशराची सावली मात्र गेली नाही. फ्रेंचमध्ये हळदीला 'हिंदुस्थानचं केशर'ही म्हणतात, ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये 'जमिनीतलं केशर'. आपल्याकडे वेगळं काय झालं? संस्कृतात कुंकुम म्हणजे केशर, आणि आपलं पारंपरिक कुंकू होतं हळदीचं!

टर्मरिकचं कूळ निराळं. बहुतेक कोश ते फ्रेंच 'तेर मेरित', लॅटिन 'तेरा मेरिता' म्हणजे 'गुणाची माती' याकडे नेतात.

उत्तर २ (कराड):
लेबलचं सांगतो. युरोपीय संघाच्या ११६९/२०११ या नियमाप्रमाणे माल जिथे विकायचा, तिथल्या ग्राहकाला सहज कळेल अशा भाषेत नाव लागतं. फ्रान्सला 'कुर्कुमा' पुरे. केशर हा शब्द टाकूच नका, ग्राहकाची दिशाभूल होते. जर्मनीत 'कुर्कुमा' मुख्य ठेवा. तिथला 'गेल्बवुर्त्स' म्हणजे पिवळं मूळ, पण 'जावाची गेल्बवुर्त्स' ही वेगळीच वनस्पती आहे, म्हणून सोबत शास्त्रीय नाव पूर्ण छापा. शास्त्रीय नावात नुसतं कुर्कुमा हे सगळ्या वंशाचं (जीनसचं) नाव, त्यात आंबेहळदही येते.

डचमध्ये कुर्कुमा, खेलवोर्टल (पिवळं मूळ) आणि इंडोनेशियातून आलेलं कुन्यित अशी तिन्ही नावं चालतात. यांत्रिक भाषांतर इथे फसतं: 'वोर्टल' म्हणजे मूळ, पण रोजच्या बोलण्यात गाजर. स्वीडिशमध्ये 'गुर्कमेया' हा एकच अखंड शब्द; जागा कमी म्हणून तो तोडून 'गुर्क' छापलात तर वाचणाऱ्याला 'गुर्का', म्हणजे काकडी आठवेल. डॅनिशमध्ये स्पेलिंग थोडं निराळं आहे, तोच मजकूर तिकडे उचलू नका.

उत्तर ३ (सांगली):
घटकांत 'ई १००' लिहू नका. तो हळदीतून काढलेल्या कर्क्युमिन या रंगाचा क्रमांक आहे, दळलेल्या हळदीचा नव्हे.