विषय: गणपतीला परदेशातून मुंबई, मुलांसह. लशी आणि गोळ्या खरंच लागतात का?

मेघना लिहिते:

नमस्कार मंडळी,

यंदा गणपतीला आम्ही चौघं मुंबईला निघालोय. सासर गिरगावात, माहेर मुलुंडला. थोरली नऊ वर्षांची, धाकटा दहा महिन्यांचा. इथल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही टायफॉइडची लस आणि मलेरियाच्या गोळ्या सुचवल्यात. नवरा हसतोय. म्हणतो, आपण तिथलं पाणी पिऊन वाढलो, आपल्याला काय होतंय, मुलांचं तेवढं बघ. अलीकडे कुणी जाऊन आलंय का?

खजिनदार लिहितात:

तुमच्या यजमानांना माझा पाठिंबा! मी दरवर्षी जातो. पाणी उकळलेलं, पाणीपुरी बंद, संपलं. मलेरियाच्या गोळ्या घेऊन माहेरी कोण जातं? आम्ही चाळीत डासांच्या संगतीतच मोठे झालो, शरीराला सवय असते. आणि डेंग्यू झालाच तर पपईच्या पानांचा रस आहे.

डॉक्टरकाका, परळहून:

मेघना,

निवृत्तीनंतर इकडे मुंबईत राहायला आलो तरी तिकडच्या मंडळाच्या पत्रयादीतून नाव काढलं नाही, ते अशा पत्रांसाठीच.

पाणीपुरीबद्दल खजिनदारसाहेबांशी सहमत. पण ‘शरीराला सवय’ सगळ्या आजारांना सारखी लागू होत नाही. कावीळ घे, म्हणजे हिपॅटायटिस ए. इथे तुझा नवरा बरोबर असू शकतो. आमच्या पिढीत मुंबईत वाढलेल्या बहुतेकांना ती लहानपणी नकळत होऊन गेली, आणि एकदा झाली की जन्माचं संरक्षण. तुमच्या पिढीचं तेवढं खात्रीने सांगता येत नाही, रक्त तपासून घ्या. तिकडे जन्मलेली मुलं मात्र पूर्ण कोरी. थोरलीची लस झाली आहे का ते बघ.

मलेरियाचं तसं नाही. जी काही थोडी प्रतिकारशक्ती असते ती टिकायला डास सतत चावत राहावे लागतात. परदेशात काही वर्षं गेली की माणूस पुन्हा नवखा. आपला शहरी डास, ॲनोफिलिस स्टिफेन्सी, गटारात नाही तर इमारतीच्या टाक्यांत, विहिरींत, बांधकामावर साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि रात्री चावतो. म्हणून महापालिका गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण लावायला सांगते. मुलुंडला वडिलांना आजच फोन कर, टाकीचं झाकण बघायला सांग. फाल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार मेंदूपर्यंत गेला तर माणूस हातचा जातो. तेव्हा गोळ्या घ्या, आणि परतल्यावरही सांगितलेला कोर्स पुरा करा. तिथेच सगळे ढिले पडतात. बाळाचा डोस वजनावर ठरतो, तो बालरोगतज्ज्ञच सांगतील. मच्छरदाणी आहेच.

आता डेंग्यू. इथे ‘सवय’ चक्क उलटते. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार. एक होऊन गेला तर त्याच्यापासून बचाव, पण पुढे दुसऱ्या प्रकाराने गाठलं तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते. म्हणजे मुंबईत वाढलेल्या माणसाने उलट जास्त सांभाळायला हवं. हा डास, एडिस, दिवसा चावतो. कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, कूलर, असं साधं स्वच्छ पाणी त्याला पुरतं. मंडपात मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डास पळवणारं मलम.

पपईचा रस औषधाच्या जागी नको. लोक ‘पेशी (प्लेटलेट्स) किती झाल्या’ एवढंच विचारत बसतात. खरा धोका बहुधा ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान येतो. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो, रक्तदाब घसरतो, आणि घरचे म्हणतात, चला, ताप गेला. तेव्हा पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, माणूस मलूल झाला, तर सरळ इस्पितळ. तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको, रक्तस्राव वाढतो. तुम्हा लोकांच्या बॅगेत आयबुप्रोफेनची बाटली हमखास असते, म्हणून मुद्दाम लिहितोय.

टायफॉइड एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं नाही. उपचार न झालेल्या टायफॉइडमध्ये तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतड्याला भोक पडू शकतं. अनेक अँटिबायोटिक्स आता त्यावर चालत नाहीत, त्यामुळे लस शहाणपणाची. इंजेक्शन प्रवासाआधी किमान दोन आठवडे घ्या, त्यातले काही प्रकार दोन वर्षांवरच्यांसाठीच असतात. आणि इथे ताप आलाच तर केमिस्टकडून गोळ्या आणून सुरू करू नका, आधी रक्ताचं कल्चर. टायफॉइडसाठी करतात त्या एकट्या विडाल रक्तचाचणीवर माझा विश्वास नाही, कधीच नव्हता.

धाकट्यासाठी एक गोष्ट तुम्ही कुणीच लिहिली नाहीत, ती म्हणजे गोवर. 2022 च्या अखेरीस गोवंडी भागात गोवराची साथ आली, लहान मुलं दगावली. न्यूमोनिया आणि मेंदूची सूज ही त्याची गुंतागुंत. परदेश प्रवासाआधी सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला एमएमआरचा (गोवर, गालगुंड, रुबेला यांच्या लशीचा) एक जादा डोस देतात. तो पुढच्या दोन डोसांत धरायचा नाही.

लशीला नाकं मुरडणाऱ्यांसाठी जाता जाता: प्लेगच्या साथीत, 10 जानेवारी 1897 ला, डॉ. हाफकिन यांनी याच मुंबईत आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. तुम्हाला तर तयार, पारखलेली मिळतेय.

सुनीता लिहिते:

काकांच्या पत्राला जोड. मागे मुंबईहून परतल्यावर बऱ्याच आठवड्यांनी मला हुडहुडी भरून ताप आला. इथल्या दवाखान्यात फ्लू म्हणून घरी पाठवलं, प्रवासाबद्दल कुणी विचारलंच नाही. पुढे निघाला व्हायवॅक्स, म्हणजे मलेरियाचाच दुसरा प्रकार. तो यकृतात दडून राहतो आणि महिन्यांनीही उठतो म्हणे. त्यावरच्या प्रायमाक्विन या औषधाआधी जीसिक्सपीडी नावाची रक्ततपासणी करावी लागली. आता ताप आला की दारातच सांगते, मुंबईला जाऊन आलेय.

मेघना लिहिते:

काका, खूप आभार. नवऱ्याला पत्र वाचायला दिलं, डेंग्यूपाशी त्याचं हसू थांबलं. एकच राहिलं: पावसात हिंदमातासारख्या पाणी तुंबणाऱ्या भागात गुडघाभर पाण्यातून जावं लागलं तर?

डॉक्टरकाका लिहितात:

शक्यतो जाऊच नको. त्या पाण्यात उंदीर-घुशींचं मूत्र असतं आणि लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू पायाच्या खरचटीतून आत शिरतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर लेप्टोचे रुग्ण किती वाढले ते आम्ही पाहिलं आहे. मूत्रपिंड, यकृत निकामी होतं, कधी फुप्फुसात रक्तस्राव होतो.

जावंच लागलं तर गमबूट, घरी येताच साबणाने पाय स्वच्छ, आणि 72 तासांच्या आत डॉक्टरांना विचारून डॉक्सिसायक्लिन. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर बायकांना त्याऐवजी अझिथ्रोमायसिन देतात. थोरली नऊची, म्हणजे तिला डॉक्सी चालेल, पण डोस तुझ्या मनाने ठरवू नकोस. महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात विचार. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर ‘पाण्यातून चाललो होतो’ हे आधी सांगायचं.

खजिनदारसाहेब, तुमचं तिकीट कधीचं आहे?

खजिनदार लिहितात:

पुढच्या महिन्याचं. टायफॉइडची सुई कुठे स्वस्त मिळते ते मेघनाताईंनी कळवावं.