मदत हवी आहे : ग्नूकॅशमधील अंदाजपत्रकाचे अहवाल आणि आलेख शेती असलेल्या घराला उपयोगी कसे करावेत?

नमस्कार.

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात आमचे एकत्र कुटुंब आहे. यजमानांचा व माझा पगार, सासऱ्यांचे निवृत्तिवेतन आणि चौदा एकर शेती यांचा एकत्रित हिशेब मी १ एप्रिल २०२३ पासून ग्नूकॅश या मोफत प्रणालीत दुहेरी नोंद पद्धतीने ठेवते. रोजच्या नोंदींबद्दल माझी तक्रार नाही. अडचण आहे ती अंदाजपत्रकाच्या अहवालाची, कारण हे कागद दर तीन महिन्यांनी छापून सासऱ्यांपुढे व दिरांपुढे ठेवावे लागतात आणि ते पाहून दोघांचाही समज होतो की पेरणीपासून दसऱ्यापर्यंत घर बुडीत चालले आहे.

पहिली चूक माझीच होती, ती आधी सांगते. अंदाजपत्रक भरताना मी मागील नोंदींवरून आकडे काढून देणारी 'एस्टिमेट' ही सोय वापरली आणि त्यात सरासरीचा पर्याय निवडला, त्यामुळे सोयाबीन, तूर व हरभरा यांचे उत्पन्न बारा महिन्यांत समान वाटले गेले. जूनमध्ये बियाणे व खत घेणाऱ्या घराला त्याच महिन्यात सोयाबीनची पट्टी कुठून मिळणार? आता मी सोयाबीन ऑक्टोबरच्या रकान्यात, तूर जानेवारीच्या आणि हरभरा मार्चच्या रकान्यात हाताने मांडते. तरीही भाव वाढेल या आशेने माल पंधरा दिवस घरात ठेवला आणि नोव्हेंबरमध्ये मोंढ्यावर नेला, की ऑक्टोबरमध्ये मोठी तूट व नोव्हेंबरमध्ये तेवढीच वाढ दिसते. वास्तविक घडलेले काहीच नसते.

याहून अवघड प्रश्न सालगड्याचा, म्हणजे वर्षभराच्या कराराने ठेवलेल्या शेतमजुराचा आहे. आमच्याकडे सालाचा करार गुढीपाडव्याला होतो व त्याच दिवशी उचल, म्हणजे मजुरीपैकी आगाऊ रक्कम, दिली जाते. पाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला होता. म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षात पाडवा आलाच नाही आणि २०२४-२५ मध्ये दोनदा आला. माझ्या अहवालात पहिल्या वर्षी उचल शून्य दिसते आणि दुसऱ्या वर्षी ४०,००० व ४५,००० मिळून ८५,००० रुपये. दिरांनी ते दोन स्तंभ पाहून मजुरी हाताबाहेर गेल्याचे जाहीर केले आणि त्यावर घरात जी चर्चा झाली, ती येथे लिहिण्यासारखी नाही.

पीककर्जाचे नवे-जुने करण्याचेही, म्हणजे जुने कर्ज फेडून लगेच नवे घेण्याचेही, तसेच होते. मार्चअखेर भरलेले पैसे एप्रिलमध्ये पुन्हा खात्यात येतात, पण मधली वर्षअखेरीची रेघ त्यांना दोन वेगळ्या अहवालांत टाकते.

शिवाय 'फरक' या रकान्याचा अर्थ मला नीट सांगता येत नाही. २०२४ च्या हंगामात ६० क्विंटल सोयाबीन धरून ४,८९२ रुपये या हमीभावाने २,९३,५२० रुपये मांडले होते. प्रत्यक्षात ६४ क्विंटल झाले व सरासरी ४,२०० रुपयांनी विकले गेले, म्हणजे २,६८,८०० रुपये आले. अहवाल २४,७२० रुपयांची तूट दाखवतो. पीक अधिक आले असताना शेती तोट्यात गेली असे वाचले जाते.

वर्षाच्या सीमेवरचे हे व्यवहार कसे बसवावेत, पंधरा दिवसांच्या विलंबाने आलेख उलटसुलट होऊ नये यासाठी काय करावे, आणि एकूण उत्पन्न व एकूण खर्च एकाच आलेखात कसे आणावेत, हे जाणकारांनी सांगावे. अंदाजपत्रकाच्या आलेखात मला प्रत्येक खात्याचा वेगळा आलेख मिळतो, आणि चौदा आलेखांची चळत कोणीच पाहत नाही.

प्रतिसाद :

ताई, आपल्या अडचणींपैकी निम्म्या आलेखाच्या नसून वर्ष कुठे कापले जाते याच्या आहेत. आर्थिक वर्ष कर भरण्यासाठी आहे, अंदाजपत्रकावर त्याचे बंधन नाही. ग्नूकॅशमध्ये एकाहून अधिक अंदाजपत्रके ठेवता येतात व प्रत्येकाच्या आरंभाची तारीख आपणच ठरवतो. शेतीसाठी १ जूनपासून बारा मासिक कालखंडांचे वेगळे अंदाजपत्रक करावे. पाडवा मार्च-एप्रिल सोडून कुठे जात नाही, म्हणून जून ते मे या वर्षात तो एकदाच येईल, आणि कर्जाचे नवे-जुनेही त्याच वर्षाच्या पोटात राहील. कर्जाची मुद्दल मात्र देण्याच्या खात्यावरच ठेवावी, तिला खर्चात घेऊ नये; खर्च फक्त व्याजाचा.

उचलीसाठी येणे म्हणून एक खाते उघडावे आणि दरमहा बारावा हिस्सा ठरावीक वेळी होणाऱ्या नोंदीने मजुरीच्या खर्चात न्यावा. शेतातले काम वर्षभर चालते, तर त्याचा खर्चही वर्षभर दिसावा.

विलंबासाठी अहवालात 'संचित रकमा' हा पर्याय आणि आलेखात 'रनिंग सम' (महिन्यागणिक पुढे जाणारी एकत्र बेरीज) वापरावे, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी दोन्ही रेषा पुन्हा जवळ येतील. फरकाची फोड मात्र प्रणाली करत नाही, कारण अंदाजपत्रकात क्विंटल नसतात, रुपयेच असतात. ती हाताने करावी लागते : भाव ६९२ रुपयांनी कमी मिळाल्यामुळे ६४ क्विंटलवर ४४,२८८ रुपये गेले आणि चार क्विंटल अधिक पिकल्यामुळे ४,८९२ च्या दराने १९,५६८ रुपये आले. उरतात तेच २४,७२०. या दोन ओळी अहवालाच्या खाली लिहून द्याव्यात. एकत्रित आलेखासाठी अहवालाचा तक्ता लिबरऑफिसमधील कॅल्क या स्प्रेडशीट प्रणालीत चिकटवून तेथेच रेषालेख काढणे मला सोपे वाटते.

मूळ लेखिका :

मनःपूर्वक आभार. मागील दोन वर्षांची शेतीची अंदाजपत्रके १ जूनपासून पुन्हा मांडली. सासरे म्हणाले की त्यांची वहीसुद्धा मृगापासूनच सुरू होत असे, मला कोणी एप्रिल सांगितला होता? दिरांनी सोयाबीनच्या त्या दोन ओळी दोनदा वाचल्या व पुढच्या अंदाजपत्रकात हमीभाव न धरता मोंढ्याचा चालू भाव धरावा, असे सुचवले, ते मला पटले.

एक गोष्ट राहिली आहे. आमच्याकडचा प्रिंटर काळा-पांढरा आहे, त्यामुळे अंदाजाची व प्रत्यक्षाची रेषा कागदावर एकाच राखाडी रंगाची येते. सध्या मी अंदाजाच्या रेषेवर पेन्सिलने फुल्या काढून देते. कॅल्कमध्ये एक रेषा तुटक ठेवता येत असेल, तर कृपया कुठे पाहावे ते सांगावे.