मदत हवी आहे: खोट्या गुन्ह्यातून भाऊ निर्दोष सुटला, पण भरपाई कशी मागायची?

नमस्कार मंडळी,

माझ्या मोठ्या भावावर शेजाऱ्याने २०२२ साली खुनाच्या प्रयत्नाची फिर्याद दिली, भादंवि (भारतीय दंड विधान) कलम ३०७. मूळ भांडण सामायिक भिंतीचं. दादाला अटक झाली, काही आठवडे तो आत होता, मग जामीन मिळाला. चार महिन्यांपूर्वी सत्र न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. फिर्यादीत हल्ल्याची जी वेळ लिहिली होती, त्या वेळी तो रात्रपाळीवर होता. कंपनीच्या गेटवरच्या नोंदवहीत त्याची सही आहे, आत जातानाची आणि बाहेर पडतानाचीही. ही वही आम्ही तपास अधिकाऱ्यांना सुरुवातीलाच दाखवली होती, त्यांनी ती जप्त केली नाही. शेवटी गेटवरचा रखवालदार बचावाचा साक्षीदार म्हणून वही घेऊन कोर्टात आला.

"सुटला ना, आता विसरा" असं नातेवाईक सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. नोकरी गेली ती गेलीच. नव्या ठिकाणी अर्जात 'आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का?' हा रकाना असतो. दादा खरं तेच लिहितो आणि पुढे फोन येत नाही. निकालाची झेरॉक्स तो प्रत्येक मुलाखतीला नेतो, ती कोणी वाचायला मागत नाही.

मला विचारायचंय:

खोटी फिर्याद देणाऱ्यावर आम्ही स्वतः पोलिसांत गुन्हा दाखल करू शकतो का? गेलेला पगार आणि वकिलाची फी कोणाकडून मागायची, शेजाऱ्याकडून की सरकारकडून? शेजारी अजूनही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पैसे चारून सुटला' असं लिहितो, त्याचं काय करायचं?

प्रतिसाद (फौजदारी वकिली करतो):

ताई, आधी तारीख बघा. दुष्ट हेतूने खटला भरल्याबद्दलचा नुकसानभरपाईचा दिवाणी दावा निर्दोष सुटल्यापासून एक वर्षाच्या आत लावावा लागतो (मुदत कायदा १९६३, अनुच्छेद ७४). तुमचे चार महिने गेलेत. बाकी सगळं नंतर, हे पहिलं.

या दाव्यात नुसतं 'सुटलो' म्हणून चालत नाही. खटला शेजाऱ्यामुळे उभा राहिला, त्याला वाजवी कारण नव्हतं, हेतू दुष्ट होता आणि त्यातून नुकसान झालं, हे सगळं तुम्हाला शाबीत करावं लागतं. म्हणून निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि न्यायाधीशांनी काय लिहिलंय ते नीट वाचा. 'संशयाचा फायदा' एवढंच असेल तर चढ जास्त आहे. 'आरोपी घटनास्थळी नव्हता' असं स्पष्ट असेल तर पाया पक्का, तरी दिवाणी कोर्ट पुरावा नव्याने बघतं. त्यामुळे ती नोंदवही, पगाराच्या स्लिपा, कामावरून काढल्याचं पत्र आणि वकिलाच्या पावत्या आत्ताच एकत्र करा.

पोलिसांत गुन्हा दाखल करण्याबद्दल: फिर्याद २०२२ ची, म्हणून नंतर आलेली भारतीय न्याय संहिता नाही, जुनं भादंवि कलम २११ लागेल. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्याचा खोटा आरोप केला तर त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण आरोप कोर्टापर्यंत गेला असेल तर तक्रार कोर्टानेच करायची असते. तुम्ही सत्र न्यायालयात अर्ज द्यायचा (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहिता कलम ३४०, आता नागरिक सुरक्षा संहिता ३७९). न्यायहितासाठी गरज वाटली तरच कोर्ट पुढे जातं. नाकारलं तर अपील आहे. माझ्या मते अर्ज जरूर करा, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

सरकारकडून भरपाई हा वेगळा रस्ता. अधिकाराचा गैरवापर ठळक असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका (सरकारी यंत्रणेने हक्क डावलल्याबद्दल थेट दाद मागणारा अर्ज) करता येते. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ च्या हेरगिरीच्या खोट्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ५० लाख रुपये द्यायला लावले. तिथे पोलिसांचं वागणं फार गंभीर होतं. तुमच्याकडे वही जप्त न करणं आहे, पण ती दाखवल्याचा लेखी पुरावा आहे का? विधी आयोगाच्या २७७ व्या अहवालाने २०१८ मध्येच अशा भरपाईसाठी खास न्यायालयं सुचवली होती. तसा स्वतंत्र कायदा अजून आलेला नाही, ही खरी खंत आहे.

ग्रुपवरचा मजकूर निकालानंतरचा असल्याने ती नवी बदनामी आहे. भारतीय न्याय संहिता कलम ३५६ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खाजगी तक्रार करता येते. स्क्रीनशॉट ज्या फोनवर काढले तो फोन विकू नका, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी साक्ष अधिनियमातल्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल.

निकालाविरुद्ध अपील झालंय का, तेही कळवा.

धागाकर्ती:

खूप आभार. एक वर्षाच्या मुदतीबद्दल आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. अपील झाल्याची नोटीस अजून आलेली नाही, तरी उद्या दादा कोर्टात जाऊन विचारणार आहे आणि नकलेचा अर्जही देणार आहे. वही दाखवली तेव्हा आम्ही लेखी अर्ज दिला होता, त्याच्या प्रतीवर पोलीस ठाण्याचा आवक शिक्का आहे. तो चालेल का?

आणि इथे कोणी असा भरपाईचा दावा स्वतः चालवला असेल तर कृपया लिहा. कोर्ट फी किती बसली आणि दावा किती वर्षं चालला, हे कळलं तर पैशांची तयारी करता येईल. बिनपगारी घरात तोच प्रश्न आधी येतोय.