पहिल्या बाळंतपणानंतर मानसिक आजार झाला होता. दुसऱ्या वेळी सोलापुरात कोणती तयारी करावी?

थोरली बहीण (जुळे सोलापूर)

माझ्या धाकट्या बहिणीला पाचवा महिना सुरू आहे आणि प्रसूती आमच्याकडे, माहेरीच व्हायची आहे. तीन वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणात चौथ्या दिवसापासून तिची झोप उडाली. सहाव्या रात्री तीनच्या सुमारास मी उठले, तेव्हा ती जमिनीवर बसून बाळाची धुतलेली दुपटी मोजत होती. अकरा झाली की पुन्हा पहिल्यापासून. मला पाहून ती अगदी शांतपणे म्हणाली, "हे आपलं बाळ नव्हे, दवाखान्यात बदललंय." आम्ही बाधा समजून अंगारे-धुपाऱ्यांत आठ दिवस घालवले, आणि त्यात मीही होते. मानसोपचारतज्ज्ञांच्या औषधांनी ती दीड महिन्यात पूर्ववत झाली व पुढे रोज रात्री एक गोळी घेत राहिली. दिवस राहिल्याचे कळताच एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून तिने ती गोळी परस्पर बंद केली.

सध्या तिला काहीही त्रास नाही. या विषयाचे वेगळे तज्ज्ञ असतात का, आणि बाळंतपणाआधीच काही करता येते, की त्रास सुरू होण्याची वाट पाहायची?

निवृत्त परिचारिका

ताई, वाट मुळीच पाहू नका. माझी नोकरी मानसोपचार विभागात झाली. आपण जे लिहिले आहे ते 'पोस्टपार्टम सायकोसिस'शी, म्हणजे बाळंतपणानंतर उद्भवणाऱ्या तीव्र मनोविकाराशी, मिळतेजुळते वाटते, मात्र निदान तिचे जुने कागद पाहून डॉक्टरच करतील. हा आजार हजार बाळंतिणींत एखाद-दुसरीला होतो आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच उफाळतो. पण ज्या स्त्रीला तो एकदा होऊन गेला, तिला पुढच्या बाळंतपणात तो होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढलेला असतो. मनाच्या फार थोड्या आजारांत धोक्याचे दिवस असे आधीच ठाऊक असतात, आणि या माहितीचा उपयोग करून घेतला पाहिजे.

याच आठवड्यात जुनी फाइल आणि त्या गोळीची रिकामी स्ट्रिप घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. औषधाचे नाव महत्त्वाचे आहे, कारण व्हॅल्प्रोएटसारखे औषध गर्भाला अपाय करते म्हणून गरोदरपणात टाळतात, तर इतर काही औषधे देखरेखीखाली गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही चालू ठेवता येतात. बंद केलेली गोळी आपल्या मनाने पुन्हा सुरूही करू नका.

वेगळ्या तज्ज्ञांबद्दल म्हणाल, तर गरोदरपण आणि बाळंतपणाच्या काळातील मानसोपचाराच्या या शाखेला 'पेरिनेटल सायकियाट्री' म्हणतात. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आई आणि बाळ यांना एकत्र ठेवणारा कक्ष २००९ पासून आहे. पण सुरुवातीलाच तेथे धावण्याची गरज नाही. आपल्या सिव्हिलमध्ये प्रसूती, बालरोग आणि मानसोपचार हे तिन्ही विभाग एकाच ठिकाणी आहेत. आठवा महिना लागण्यापूर्वी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडून एकाच कागदावर लिहून घ्या, की कोणते औषध केव्हा सुरू करायचे, कोणत्या लक्षणांवर नजर ठेवायची आणि रात्री-अपरात्री कोठे न्यायचे. हा कागद बहिणीच्या संमतीने तयार व्हावा, कारण आज ती स्वतः विचार करण्याच्या स्थितीत आहे.

साखर पेठेतील आजी

बाळंतिणीला रडू येतेच. आमच्या वेळी माहेरची माया, शेक-शेगडी आणि डिंकाचे लाडू यांवर सगळे निभावत असे. उगाच मुलीला घाबरवू नये.

निवृत्त परिचारिका

आजी, तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येते, कशावरूनही डोळे भरतात आणि ते दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरते, त्याबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. उदासी त्यापुढेही टिकली, तर ते नैराश्य असू शकते. त्याची चाचपणी एडिंबरो प्रश्नावलीतील दहा प्रश्नांनी करतात. मात्र झोप न होताही थकवा न जाणवणे, संशय, बाळ आपले नसल्याची खात्री, अशी लक्षणे दिसली तर दुसरा दिवस उजाडण्याची वाटही पाहू नये, आणि आई-बाळाला एकटे सोडू नये.

विजापूर रोडवरील एक पती

माझ्या पत्नीला हाच आजार झाला होता. एका शहरातील खासगी रुग्णालयाने बाळ घरी ठेवूनच यायला सांगितले, आणि आम्ही ते ऐकले. दहा दिवसांत तिचे दूध आटले. कायदा मला नंतर समजला: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ प्रमाणे, तीन वर्षांखालील मुलाला दाखल आईपासून सहसा वेगळे करता येत नाही, आईच्या आजारामुळे बाळाला धोका आहे असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे मत असेल, तरच तसे करतात. पुढे आम्ही उद्यान एक्स्प्रेसने बंगळुरूला गेलो. सासूबाई सोबत राहिल्या; पत्नी बाळाला पुन्हा हातात घ्यायला शिकली, सुरुवातीला नर्सच्या नजरेखाली, मग एकटी.

रात्री काही सुचेनासे झाले तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य चालतो आणि मराठीतून बोलता येते.

थोरली बहीण

आपणा सर्वांची ऋणी आहे. एक शंका उरते. आमच्याकडे पाचवीला रात्र जागवतात, बाराव्या दिवशी बारसे असते आणि दोन्हींना घर पाहुण्यांनी भरते. तिच्या सासूबाईंना हे टाळणे रुचणार नाही.

निवृत्त परिचारिका

हे आपण विचारलेत ते फार बरे झाले, कारण हे दोन्ही विधी नेमके धोक्याच्या पंधरवड्यात येतात आणि झोपमोड हे या आजाराचे मोठे निमित्त असते. पूजा अवश्य करा, पण बाळंतिणीला जागवू नका. रात्रीचे एखादे पाजणे काढून ठेवलेल्या दुधावर दुसऱ्या कोणी करावे, म्हणजे तिला सलग पाच-सहा तास झोप मिळेल. बारसे सव्वा महिन्यानंतर केले तरी नावात फरक पडत नाही.

थोरली बहीण

काल बहिणीशी आणि तिच्या सासूबाईंशी बोलले. सोमवारी सिव्हिलच्या ओपीडीत जात आहोत. जुनी फाइल सापडली, स्ट्रिपही त्यातच होती. पाचवीची पूजा सासूबाई मांडतील, जागरण मी आणि मेहुणे करू, आणि बहीण आतल्या खोलीत दार लोटून झोपेल. दुपट्यांची घडी घालण्याचे काम तिने स्वतःच माझ्याकडे दिले आहे.