वर्डमध्ये चिकटवलेले फोटो इनडिझाइनमध्ये (पुस्तकाची पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये) कसे आणता? (सल्ला हवा आहे, जरा तातडीचं)

पोवई_नाका

नमस्कार मंडळी. साताऱ्यात माझं छोटं डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं लावून देण्याचं, काम आहे. निवृत्त शिक्षक असलेल्या एका सरांचं पुस्तक हातात आहे, जिल्ह्यातल्या बारवा (पायऱ्यांच्या विहिरी) आणि वीरगळांवरचं (वीरांच्या स्मारकशिळांवरचं). लिंबची बारा मोटांची विहीर, किकलीचे वीरगळ आणि अशी कितीतरी आडगावची ठिकाणं सरांनी स्वतः एसटीने हिंडून पाहिली आहेत. पुस्तक डेमी १/८ आकाराचं असून मजकुराची रुंदी सव्वाचार इंच आहे.

अडचण अशी की सरांनी सगळं एकाच वर्ड फाइलमध्ये दिलंय. मजकुरातच १४३ फोटो चिकटवलेले आहेत. फाइल सरळ इनडिझाइनमध्ये प्लेस केली, तर फोटो आले खरे, पण काही वरच्या ओळींवर चढून बसले आणि काहींच्या खालच्या ओळी गायब झाल्या. तरीही हाताने एकेक सरळ करून पीडीएफ पाठवली. छपाईवाल्यांनी ६१ फोटोंवर लाल खुणा करून ती परत केली. म्हणाले, रिझोल्यूशन नाही, छापले तर चौकोन दिसतील.

सर चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना पुन्हा सगळे फोटो मागायला जीव होत नाही. तुम्ही लोक काय करता? फाइलमधून फोटो मूळ आकारात निघतात का?

कृष्णाकाठ

ताई, निघतात, पण वर्डने जेवढं शिल्लक ठेवलंय तेवढंच.

आधी फाइलची एक कॉपी करा. डॉक्सएक्स म्हणजे खरं तर झिपच असते. कॉपीच्या नावाचं शेपूट (.docx) बदलून .zip करा आणि उघडा. आत 'वर्ड' नावाचा फोल्डर, त्यात 'मीडिया'. सगळे फोटो तिथे वेगवेगळ्या फाइली म्हणून पडलेले असतात. शेपूट दिसत नसेल तर विंडोजच्या व्ह्यू मेनूतून ते दाखवायला सांगा. फाइल जुन्या डॉक प्रकारची असेल तर आधी वर्डमध्ये उघडून डॉक्सएक्स म्हणून सेव्ह करून घ्या.

फोटोंचे क्रमांक बहुतेक वेळा मजकुरातल्या क्रमाने असतात, पण त्यावर विसंबू नका. एकच फोटो दोनदा वापरला असेल तर आत तो एकदाच असतो आणि तिथून पुढचा हिशोब एकाने चुकत जातो. वर्डमध्येच काढलेले बाण, गोल, चौकटी मीडियात सापडत नाहीत. ते नव्याने काढावे लागतात.

आता मुख्य गोष्ट. सेव्ह करताना वर्ड फोटो लहान करतो. नेहमीची सेटिंग २२० पीपीआयची (इंचाला २२० पिक्सेल) असते आणि ती पानावर फोटो जेवढा दिसतो त्या आकाराला लागू होते. म्हणजे सरांनी ए-फोर पानावर फोटो सहा इंच रुंद ठेवला असेल तर त्यात १३२० पिक्सेल उरलेत. तुमच्या सव्वाचार इंचात तो ३१० पीपीआयला बसतो, बिनघोर छापा. पण तोच फोटो कोपऱ्यात ओढून दोन इंचांचा केला असेल तर ४४० पिक्सेलच राहिले. सव्वाचार इंचात ताणला की जेमतेम १०३. तुमचे ६१ फोटो बहुधा असेच लहान करून लावलेले असणार. म्हणून सगळे १४३ परत मागू नका, फक्त त्या ६१ पैकी जे मोठे छापायचेत तेवढेच मागा.

हे मी का इतकं लिहितोय सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. हार्ड डिस्क गेल्या, गिऱ्हाइकांचे अल्बम गेले. कितीतरी स्मरणिकांचे फोटो मला नंतर लोकांच्या ईमेलमध्ये पडलेल्या वर्ड फाइलींतून असेच उपसून काढावे लागले. तेव्हापासून आलेली मूळ फाइल मी कधी पुसत नाही आणि एक प्रत दुकानाबाहेर ठेवतो.

जुना_जुळारी

मी वाईचा. खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवण्यापासून कामाला सुरुवात केली. आमच्या काळी मजकूर आणि फोटो कधी एकत्र आलेच नाहीत. कागद वेगळा, फोटोंचं पाकीट वेगळं. फोटोच्या पाठीवर पेन्सिलने नंबर आणि मजकुराच्या समासात तोच नंबर. फोटोचा ब्लॉक (छापायचा ठसा) बनून आला की नंबर बघून लावायचा. मुली, आजही तसंच कर. वर्डमधला फोटो ही फक्त जागेची खूण समज.

कामाची रीत अशी. वर्डच्या कॉपीत प्रत्येक फोटोच्या जागी चौकटी कंसात 'चित्र ०४-०७' अशी खूण घाल, आधी प्रकरण, मग चित्र. फाइंडमध्ये ^ आणि त्यापुढे इंग्रजी छोटा जी टाकला की ओळीत बसवलेले फोटो सापडतात, रिप्लेसने त्यांच्या जागी खूण येते. नंबर मात्र हातानेच घाल. मजकुराभोवती तरंगते ठेवलेले फोटो त्यात सापडत नाहीत, ते डोळ्यांनी शोधावे लागतात. फोटोखालच्या ओळी टेक्स्ट बॉक्समध्ये असतील तर बाहेर काढून साध्या परिच्छेदात आण, नाहीतर इनडिझाइनमध्ये येताना त्या धड येतील याचा भरवसा नाही.

मग इनडिझाइनमध्ये कंट्रोल-डी (प्लेस), 'शो इम्पोर्ट ऑप्शन्स'वर टिचकी आणि 'इम्पोर्ट इनलाइन ग्राफिक्स' बंद. नुसता मजकूर येईल. वर्ल्ड-रेडी कंपोझर (इनडिझाइनची मराठीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) लावलाय ना ते बघ, नाहीतर जोडाक्षरं फुटतील. फोटो नंतर बाहेरून लिंक करून आण. फाइलींची नावं इंग्रजी अक्षरांत आणि खुणेतल्या नंबराचीच ठेव, मधे मोकळी जागा नको.

तंबोरा_मिरज

काकांचं पटलंच, पण आधीच अर्धं पुस्तक लावून झालं असेल तर एक मधला मार्ग आहे. लिंक्स पॅनलमध्ये ते फोटो निवडून 'अनएम्बेड लिंक' करा. मूळ फाइलीशी जोडायचं का असं विचारेल, नाही म्हणा आणि फोल्डर दाखवा. फोटो बाहेर पडतात आणि जागा तशीच राहते. मग चांगली फाइल मिळाली की रीलिंक, म्हणजे त्या जागी नवी फाइल जोडा. हे न करता पॅकेज केलंत (छपाईसाठी सगळ्या फाइली एकत्र काढल्यात) तर एम्बेड केलेले, म्हणजे इनडिझाइनच्या फाइलीतच अडकलेले, फोटो लिंक्सच्या फोल्डरमध्ये येत नाहीत.

फोटो ओळींवर चढण्याचं कारण ठरावीक लीडिंग (ओळींमधलं अंतर). फोटो ओळीतच ठेवायचा असेल तर त्याला स्वतंत्र परिच्छेद द्या आणि त्या परिच्छेदाच्या स्टाइलला ऑटो लीडिंग लावा.

मी सतार-तंबोऱ्याच्या बनावटीवरची एक पुस्तिका लावली होती, त्यात भोपळा, दांडी, घोडी यांच्या रेघांच्या आकृत्या होत्या. फोटोंना चालणारं ३०० पीपीआय त्यांना पुरत नाही, निदान ६०० तरी हवं, नाहीतर तारा दातेरी दिसतात. सरांच्या पुस्तकात बारवांचे नकाशे असतील तर ते नव्याने स्कॅन करून घ्या.

आणि सरांना सांगा, फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचे तर 'डॉक्युमेंट' म्हणूनच.

पोवई_नाका

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस लागले, पण मार्गी लागलं.

मीडियात १४१ फाइली निघाल्या, दोन फोटो खरंच दोनदा वापरले होते. ६१ पैकी २२ फोटो मी लहान आकारातच ठेवले, इन्फो पॅनलमधला इफेक्टिव्ह पीपीआय (छापायच्या आकारात खरा पडणारा) बघून. उरलेल्या ३९ ची यादी नंबरासकट मोठ्या अक्षरांत छापून सरांना दिली. त्यांच्या मुलाने जुन्या मेमरी कार्डमधून ३४ मूळ फोटो काढून दिले.

एक सांगायचं राहिलं. वर्डमध्ये क्रॉप केलेला फोटो मीडियात पूर्ण निघतो. किकलीच्या एका वीरगळाच्या फोटोत सरांनी कडेचा भाग कापला होता, तिथे त्यांचा नातू उभा होता. पूर्ण फोटो दाखवला तर म्हणाले, राहू दे, दगडाची उंची कळते. पण दुसऱ्या कुणाची फाइल असेल तर विचारल्याशिवाय असं काही छापू नका. कापलेलं माणूस आत असतंच.

पाच फोटो मिळाले नाहीत. त्यातल्या एका बारवेचं नंतर सिमेंटने काम झालं. आधीच्या पायऱ्या फक्त त्या एका फोटोत आहेत आणि तो ४१० पिक्सेलचा आहे. काका, तो ताणून मोठा करता येईल का, असं विचारणार होते. मग सरच म्हणाले, जेवढा आहे तेवढाच द्या. दीड इंचात छापतेय, समासाला लागून, शेजारी पायऱ्यांची संख्या लिहून.