पणजीचं चर्च: जिना आणि घंटा नंतरच्या

काही जण सांगतात की पणजीचं मेरी इमॅक्युलेट चर्च १५४१ पासून जसंच्या तसं उभं आहे. तसं नाही. तेव्हा टेकाडावर होतं ते एक चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर. आजची वास्तू १६१९ च्या पुनर्बांधणीतली, आणि ज्याच्यापुढे सगळे फोटो काढतात तो नागमोडी जिना तर अठराव्या शतकाच्या अखेरचा.

घंटेची गोष्ट मात्र खरी रंजक. ती मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची, म्हणजे त्या पंथाच्या ख्रिस्ती साधूंच्या मठाची. १८३५ मध्ये मठ ओस पडला, पुढे त्याचं छतही कोसळलं. घंटा आधी आग्वाद किल्ल्याच्या दीपगृहात गेली आणि १८७१ मध्ये इथे आली. जुन्या गोव्यातल्या से कॅथेड्रल या मोठ्या चर्चच्या घंटेनंतर गोव्यात हीच मोठी. तिचं वजन पेलावं म्हणून मधला मनोरा वाढवून भक्कम केला, म्हणून दर्शनी भाग मधोमध एवढा उंच दिसतो. आतलं सभागृह त्या मानाने साधंच आहे. मला तरी बाहेरचा थाट जास्त आवडतो. ८ डिसेंबरच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाला गेलात तर जिन्यावर पाय ठेवायला जागा मिळणार नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.